चाके थांबतात तिथून पुढे

पाटी अगदी साधी होती. दोन खांबांवर ठोकलेली तपकिरी फळी, तीत कोरलेली अक्षरे, आणि खाली एका छोट्या पत्र्यावर सायकलचे चित्र. चित्रावर एक तिरकी रेघ मारलेली. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, बेंड नावाच्या गावापासून पाऊण तासाच्या अंतरावर, 'थ्री सिस्टर्स' या तीन ज्वालामुखी शिखरांच्या पायथ्याशी मी उभी होते. शेजारी माझा भाचा होता. त्या रेघेकडे बघताना त्याच्या कपाळावर तशीच एक आठी उमटली होती.

भाचा पोर्टलँडजवळ राहतो. त्याला डोंगरात सायकल चालवण्याचे वेड आहे. जाड, खाचांच्या टायरांची, पुढे-मागे दणके झेलणारे दांडे बसवलेली ती सायकल म्हणजे त्याच्या घरातली सर्वांत महाग वस्तू असावी. बेंडच्या पश्चिमेला पाइनच्या रानातून अशा सायकलींसाठी राखलेल्या वाटांचे मोठे जाळे आहे. तिथे सकाळी तीन तास घाम गाळून, धुळीने माखून तो परतला, आणि दुपारी आम्ही सगळे ग्रीन लेक्स नावाच्या सरोवरांची वाट बघायला इथे आलो. सायकल गाडीच्या पाठीला कुलूप लावून ठेवावी लागली. नियम त्याला आधीपासून ठाऊक होता, पण नियम ठाऊक असल्याने राग कमी होतो असे थोडेच आहे!

त्याचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटले. सायकलीला धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. जोर आपल्याच पायांचा. शिवाय याच वाटेने घोड्यांना परवानगी आहे. घोड्याच्या टापांनी वाट उकरली जाते, लीद पडते, ते चालते. मग माझ्या दोन चाकांनीच काय पाप केले, असा त्याचा सवाल होता. हा नियम केला तरी कुणी, असे मी सहज विचारले, तेव्हा ते मात्र त्याला सांगता आले नाही. सरकारने, एवढेच तो म्हणाला.

सरकार नियम करते हे खरे, पण नियमामागे बहुधा कुणीतरी एक माणूस असतो. त्या सुट्टीत आम्ही बेंडला आठवडाभर राहिलो. मुले रानात जात आणि मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसे. तिथे मला तो माणूस भेटला. त्याचे नाव रॉबर्ट मार्शल, पण सारी अमेरिका त्याला बॉब मार्शल म्हणते. १९३९ साली तो गेला तेव्हा अवघा ३८ वर्षांचा होता, म्हणजे आज माझा भाचा आहे तेवढाच. म्हणून मीही त्याच्याबद्दल एकेरीच लिहिते.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी ही जागा कशी आहे ते सांगायला हवे. कॅस्केड पर्वतरांगेतल्या या तीन बहिणींना जुन्या वसाहतवाल्यांनी श्रद्धा, आशा आणि करुणा अशी नावे दिली होती. तिघीही दहा हजार फुटांहून उंच. थोरल्या दोघी शांत झाल्या आहेत, पण दक्षिणेकडची धाकटी अजून जागी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिच्या कुशीतून लाव्हा वाहिला, आणि २००१ साली उपग्रहाच्या मोजणीत आढळले की तिच्या पश्चिमेची जमीन हलकेच फुगते आहे. ग्रीन लेक्सच्या वाटेने जाताना एका बाजूला खळाळता ओढा असतो आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दगडांची उंच भिंत. तिच्यात मधूनच काचेसारखे चकाकणारे तुकडे दिसतात. ती ज्वालामुखीची काच. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर माती आली, गवत आले, देवळे आली. इथला दगड मात्र काल थिजल्यासारखा दिसतो. त्यावर रुजलेले एखादे रोप पायाखाली गेले तर ते परत यायला किती वर्षे लागतील, असा विचार मनात येतो आणि पाऊल आपोआप जपून पडते.

या तीन शिखरांभोवतीचे २ लाख ८० हजार एकरांहून अधिक रान कायद्याने 'विल्डरनेस' म्हणून राखलेले आहे. विल्डरनेस म्हणजे नुसते जंगल नव्हे आणि राष्ट्रीय उद्यानही नव्हे. जिथे रस्ता नाही, वीज नाही, यंत्र नाही आणि माणूस येतो तो पाहुणा म्हणून, अशी जागा. मराठीत मला 'निबिड' हा शब्द सुचतो, पण त्यात भीती आहे. 'मोकळे रान' म्हणावे तर त्यात कायदा दिसत नाही. तेव्हा आपण राखीव रान म्हणू.

बॉब मार्शलचा जन्म २ जानेवारी १९०१ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. घर सुखवस्तू ज्यू कुटुंबाचे. वडील लुई मार्शल हे घटनेच्या प्रश्नांवर लढणारे नामांकित वकील. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली सरकारी जंगले कायमची रानच राहावीत, असे कलम १८९४ साली राज्याच्या घटनेत घातले गेले. ते घालणाऱ्या परिषदेत लुई मार्शल सदस्य होते, आणि पुढे ते कलम ढिले करण्याचे प्रयत्न झाले तेव्हा त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेही तेच. म्हणजे रानाला कायद्याचे कुंपण घालता येते, हा धडा मुलाला घरातच मिळाला होता.

याच मुलुखात सॅरानॅक सरोवराकाठी मार्शल कुटुंबाचे उन्हाळी घर होते. लहानपणी बॉबला लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या गोष्टींचे वेड लागले. शंभर वर्षांपूर्वी नकाशावर नसलेल्या प्रदेशातून हे दोघे पॅसिफिक महासागरापर्यंत गेले होते. आपण उशिरा जन्मलो, आता शोधायला काही उरले नाही, ही हुरहूर त्या वयात त्याला लागली आणि ती जन्मभर गेली नाही. मग त्याने हाताशी होते ते डोंगर धरले. धाकटा भाऊ जॉर्ज आणि हर्बर्ट क्लार्क नावाचा वाटाड्या यांच्याबरोबर त्याने ॲडिरॉन्डॅकमधली चार हजार फुटांवरची मानली जाणारी सगळी शेहेचाळीस शिखरे १९२५ पर्यंत पुरी केली. त्यांतल्या अनेकांवर तेव्हा पायवाटही नव्हती. क्लार्क त्या दोघांहून तीस वर्षांनी मोठा, घरी कामाला असलेला माणूस. वाटेत तो त्यांना खोट्या इतिहासाच्या खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी रचून सांगे. आज ही सर्व शिखरे चढणाऱ्यांचा तिथे एक संघच आहे आणि त्याच्या यादीत पहिली नावे या तिघांची आहेत.

बॉबला मोजण्याचा नाद होता. किती मैल चाललो, किती चढलो, कुठले शिखर किती सुंदर, सगळ्याची नोंद. दिवसाला तीस-चाळीस मैल चालणे त्याच्या हिशेबी नेहमीचे. रबरी तळाचे साधे बूट, अंगावर जुना शर्ट, चेहऱ्यावर हसू, आणि खाणे भरपूर. लग्न त्याने केले नाही. त्याची ओळख झालेल्या प्रत्येकाला तो दमवून टाकी आणि तरी लोक त्याच्याबरोबर जायला तयार असत, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी.

वनशास्त्राचे शिक्षण त्याने सिरॅक्यूजला घेतले, मग हार्वर्डला. १९२५ ते १९२८ अशी तीन वर्षे मोंटाना राज्यातल्या मिझुला गावी जंगल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी केली. वणव्यांच्या दिवसांत शेकडो मजूर रानात आग विझवत आणि त्यांच्या मुकादमांत हा श्रीमंत वकिलाचा मुलगाही असे. लाकूडतोड्यांच्या तळांवर त्याने काय करावे? घड्याळ लावून ते किती मिनिटांत जेवण संपवतात ते टिपले आणि त्यांच्या बोलण्यात किती शिव्या येतात तेही मोजले. ते छापूनही आणले. वाचताना हसू येते, पण या गमतीमागे एक गंभीर शिक्षण चालू होते. हे लोक किती राबतात आणि त्यांना किती कमी मिळते, हे त्याने तिथे पाहिले आणि तो कायमचा डाव्या विचारांचा झाला. जंगले लाकूड कंपन्यांची नव्हेत, लोकांच्या मालकीची असावीत, हे मत त्याने पुढे १९३३ च्या एका पुस्तकात मांडले.

१९२९ साली तो अलास्कात गेला, नकाशावर पांढरा राहिलेला कोपरा शोधत. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, ब्रुक्स पर्वतरांगेच्या पायथ्याशी वाइझमन नावाची छोटी वस्ती होती. सोने शोधायला आलेले म्हातारे गोरे आणि तिथले एस्किमो, मिळून शंभरेक माणसे. पुढल्या वर्षी तो परत गेला आणि वर्षभराहून अधिक काळ तिथे राहिला. उत्तरेच्या नदीकाठी समोरासमोर उभ्या असलेल्या दोन डोंगरांना त्याने आर्क्टिकचे दरवाजे असे नाव दिले. १९८० मध्ये तिथे झालेल्या राष्ट्रीय उद्यानाने तेच नाव घेतले आहे. वस्तीवर त्याने लिहिलेले 'आर्क्टिक व्हिलेज' हे पुस्तक १९३३ साली आले आणि खूप खपले. तेव्हा त्याने केलेली गोष्ट मला त्याच्या सगळ्या शिखरांहून मोठी वाटते. मानधनातला वाटा त्याने वाइझमनच्या रहिवाशांना वाटून दिला. गोष्ट त्यांची, तर पैशातही त्यांचा भाग, असा साधा न्याय.

याच सुमारास, १९३० साली, त्याने एका शास्त्रीय मासिकात राखीव रानांच्या प्रश्नावर लेख लिहिला. आमच्या पाटीची मुळे तिथे आहेत. रान म्हणजे काय याची त्याने व्याख्या केली. तिथे कायमची वस्ती नसावी, यांत्रिक साधनाने प्रवास करता येऊ नये, आणि ते इतके विस्तीर्ण असावे की पार करणाऱ्याला एखादी रात्र उघड्यावर काढावी लागावी. शेवटची अट मला फार आवडली. त्याने रान एकरांत मोजले नाही, दिवस-रात्रींत मोजले. आणि यंत्र नको म्हटले त्याचे कारण धूर हे नव्हते. यंत्र आले की दोन दिवसांचे रान दोन तासांचे होते, म्हणजे रान आहे तिथेच राहूनही लहान होते, अशी त्याची भीती होती.

तेव्हा अमेरिकेत मोटारी झपाट्याने वाढत होत्या. बेकारांच्या हातांना काम म्हणून सरकार डोंगरमाथ्यांवरून रस्ते काढत होते. पर्यटकांना सोय, मजुरांना रोजगार, त्याला नाही कोण म्हणणार? ऑक्टोबर १९३४ मध्ये टेनेसी राज्यात मार्शल आणि त्याचे तीन मित्र मोटारीने जात असताना या विषयावर एवढी चर्चा रंगली की ते गाडी थांबवून रस्त्याकडेला उतरले आणि तिथेच बसून संस्थेचा मसुदा करू लागले. रस्त्यांविरुद्धची संस्था रस्त्याच्या कडेला जन्मली, असे म्हणायला हरकत नाही. जानेवारी १९३५ मध्ये 'विल्डरनेस सोसायटी' स्थापन झाली. तिचा सुरुवातीचा खर्च बहुतेक मार्शलच्या खिशातून चाले.

आता या कथेतला दुखरा भाग. १९३३ ते १९३७ मार्शल अमेरिकेच्या आदिवासीविषयक खात्यात जंगलांचा प्रमुख होता. आदिवासींना त्यांच्या जंगलाचा कारभार मिळावा असे तो मनापासून म्हणे. पण त्या पदावरून जाता जाता, १९३७ मध्ये, त्याच्या पुढाकाराने एक सरकारी हुकूम निघाला. आदिवासींच्या राखीव प्रदेशांतली सोळा क्षेत्रे रस्त्यांविना ठेवायची, असा. ज्यांची ती जमीन त्या जमातींना नीट विचारलेही नव्हते. रस्त्यांपासून त्यांची भूमी वाचावी असा त्याचा हेतू असणार, पण हेतू चांगला म्हणून न विचारण्याचा अधिकार मिळतो काय? पुढे अनेक जमातींनी मागणी करून ही बंधने उठवून घेतली. मोंटानातल्या मिशन पर्वतरांगेचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या सेलिश-कूटनाय लोकांनी सरकारचे बंधन नको म्हटले, आणि १९८२ साली स्वतःच्या पंचायतीत ठराव करून तोच डोंगर स्वतः राखीव रान केला. वरून आलेला नियम गेला आणि घरातून आलेला टिकला. वाइझमनच्या लोकांना मानधनाचा वाटा देणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचे मला वाईट वाटले. पण माणसे अशीच असतात. मायाही करतात आणि मायेच्या भरात दुसऱ्याचे दारही स्वतःच लावून टाकतात.

१९३७ मध्ये तो जंगल खात्यात मनोरंजन विभागाचा प्रमुख झाला. या खुर्चीत त्याने दोन कामे बरोबरीने केली आणि ती दोन्ही लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मोजमाप होत नाही. एक म्हणजे गरिबांना रान मिळावे. कमी मिळकतीच्या कुटुंबांना परवडतील असे तळ जंगलात व्हावेत आणि सरकारी रानातल्या विश्रामस्थानांत वर्ण किंवा धर्म बघून कुणाला नाकारले जाऊ नये, असा आग्रह त्याने धरला. त्या काळी कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना दार बंद असलेल्या जागा कितीतरी होत्या. ज्याने ते दार स्वतः बंद झालेले पाहिले असेल त्याला हे सुचणे साहजिक आहे. त्याच्या राजकीय मतांवरून संसदेच्या एका समितीने त्याच्यावर कम्युनिस्टांना साथ दिल्याचा आरोपही केला.

दुसरे काम राखीव रानांचे. १९३८ साली तो कॅस्केड पर्वतात आला. थ्री सिस्टर्सचा परिसर नुकताच आदल्या वर्षी राखीव झाला होता, पण त्यात होते ते मुख्यतः उंचावरचे दगड, बर्फ आणि सरोवरे. पश्चिम उताराची घनदाट, मौल्यवान जंगले बाहेरच राहिली होती. लाकूड कंपन्यांना नको तेच राखायचे, ही पुष्कळ सरकारांची जुनी सवय! मार्शलच्या शिफारशीवरून पश्चिमेचे सुमारे ५३ हजार एकर जंगल आत घेतले गेले. शेकडो वर्षांचे डग्लस फरचे वृक्ष असलेल्या दऱ्या त्यात होत्या. सप्टेंबर १९३९ मध्ये त्याच्या विभागाने तयार केलेले नवे नियम लागू झाले. राखीव रानात रस्ता, तोड, मोटार यांना मज्जाव झाला, आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीवर रान लहान करणे अवघड झाले.

त्यानंतर दोन महिन्यांची गोष्ट. १० नोव्हेंबरच्या रात्री तो वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीत बसला. सकाळी गाडी पोहोचली तेव्हा तो आपल्या जागी मृत आढळला. हृदय बंद पडले होते. ज्याचे आयुष्य पायांवर गेले त्याचा शेवट चाकांवर झाला. मृत्युपत्रात दहा लाख डॉलरांहून मोठी संपत्ती तीन कामांसाठी ठेवलेली होती. समाजवादी अर्थविचाराचे शिक्षण, नागरी स्वातंत्र्य आणि राखीव राने. पुढल्याच वर्षी मोंटानातल्या एका विशाल राखीव रानाला त्याचे नाव दिले गेले.

त्याच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या निधीवर त्याची संस्था जगली. तिच्या हॉवर्ड झानिझर नावाच्या सचिवाने १९५६ पासून संसदेत कायद्याचा पाठपुरावा केला. आठ वर्षे, साठाहून अधिक मसुदे. मे १९६४ मध्ये झानिझरही कायदा होण्यापूर्वीच वारला. ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली तेव्हा त्याची विधवा पत्नी शेजारी उभी होती. कायद्यात मोटार, मोटारबोट, विमान यांच्यानंतर आणखी एक शब्दसमूह आहे. इतर कोणतेही यांत्रिक वाहन नको, अशा अर्थाचा. मार्शलच्या १९३० च्या लेखातली ती अट अशी कायद्यात येऊन बसली.

मधल्या काळात थ्री सिस्टर्सचे काय झाले? १९५७ साली सरकारने मार्शलने मिळवलेले पश्चिमेचे जंगल पुन्हा बाहेर काढले, लाकडासाठी. फ्रेंच पीट नावाची दरी त्यात होती. १९६९ मध्ये युजीन शहरात विद्यार्थी आणि नागरिक तिच्यासाठी मोर्चा काढून रस्त्यावर उतरले. शेवटी १९७८ मध्ये संसदेने त्या जंगलाचा मोठा भाग परत राखीव रानात घातला. मार्शल जाऊन तेव्हा ३८ वर्षे झाली होती. त्याचे आयुष्य होते जवळपास तेवढीच.

आणि याच दशकात सायकल डोंगरात शिरली. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही उनाड तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून सोडू लागले. १९७६ पासून त्यांनी शर्यती लावल्या आणि १९८१ पासून अशा सायकली कारखान्यात बनू लागल्या. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे वाहन नव्हते. जंगल खात्याच्या १९६६ च्या नियमात यांत्रिक म्हणजे निर्जीव शक्तीवर चालणारे, असे म्हटले होते. त्या अर्थाने सायकल सुटली असती. पण १९८४ मध्ये खात्याने तिचे नाव घालून बंदी केली. सायकलवाल्यांचे गाऱ्हाणे नेमके हेच आहे. जिथे नवे राखीव रान जाहीर होते तिथे त्यांनी वर्षानुवर्षे झाडून-तोडून मोकळ्या ठेवलेल्या वाटा एका दिवसात त्यांना बंद होतात. आयडाहो राज्यात २०१५ साली असे घडले. हा नियम सैल करावा म्हणून २०१६ साली आणि त्यानंतरही संसदेत विधेयके आली, पण कायदा बदलला नाही.

हे सगळे मी भाच्याला जेवताना सांगितले. मार्शल आज असता तर काय म्हणाला असता, यावर आमची बरीच वादावादी झाली. भाच्याचे मत असे की पायांच्या जोरावर एवढे प्रेम करणारा माणूस सायकलवर खूश झाला असता. असेलही. त्याला कष्ट आवडत आणि सायकलीवर चढ चढणे काही कमी कष्टाचे नाही. पण मला त्याची ती दिवस-रात्रींची मोजणी आठवत होती. सायकल गोंगाट करत नाही, झाडे तोडत नाही, हे सारे मान्य. पण ती अंतर खाते. जे सरोवर चालणाऱ्याला दुपारी भेटते ते सायकलवाल्याला नाश्त्यापूर्वी भेटते, आणि मग त्याला पुढचे सरोवर हवे असते. त्या पाटीपासून मागे बेंडच्या दिशेने सायकलींसाठी शेकडो मैलांच्या वाटा आहेत. तिथे ती हवी तेवढी पळावी. पाटीपुढचे रान मोठे राहायचे असेल तर तिथे सगळ्यांनी हळू व्हायला हवे. माझी बाजू एवढीच. घोड्याचे मात्र काय, याला माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते, आणि तसे मी कबूल केले.

एक गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली नाही, ती इथे सांगते. पाटीपाशी उभी असताना मलाही कुणीतरी बाहेर ठेवल्यासारखे वाटले होते. ग्रीन लेक्सची वाट साडेचार मैलांची, चढाची. माझे गुडघे आता तेवढे करत नाहीत. चाकाच्या खुर्चीला या रानांत जाता येते, हे १९९० च्या कायद्याने स्पष्ट केले आहे आणि ते योग्यच झाले. पण वय झालेल्या धडधाकट बाईसाठी तिथे काही सोय नाही. रस्ता असता तर पंधरा मिनिटांत मी सरोवराकाठी असते. मार्शलला त्याच्या हयातीत हाच प्रश्न विचारला जाई, की मूठभर दणकट लोकांसाठी एवढे रान का अडवायचे? त्याचे उत्तर असे, की बहुसंख्यांसाठी बाकीचा सारा देश मोकळा आहेच, आणि थोड्यांची गरजही गरजच असते. पंचविशीत हे उत्तर मी टाळ्या वाजवून ऐकले असते. या वयात ते गिळायला जरा वेळ लागतो.

त्या दिवशी मुले वर गेली. त्यांच्याजवळ त्या दिवसाचा परवाना होता. २०२१ पासून या वाटेवर रोज ठराविकच माणसे सोडायला सुरुवात झाली, कारण चालणाऱ्यांचीही गर्दी व्हायला लागली होती. म्हणजे पायही संख्येने वाढले की यंत्रासारखेच होतात! मी पाटीपलीकडे दोन-अडीच फर्लांग गेले आणि ओढ्याकाठी एका काळ्या दगडावर बसले. साताऱ्याच्या माझ्या माहेरच्या अंगणात धुणे धुवायला असाच काळा दगड होता. पाणी वरून येत होते, मी कधीच बघणार नाही त्या सरोवरातून. ते किती हिरवे आहे, काठावर बर्फ असेल का, दक्षिणेची बहीण पाण्यात दिसत असेल का, असे किती वेळ मनात येत राहिले.

चार तासांनी मुले परतली. भाच्याचे बूट ओले झाले होते. पाणी हिरवे होते का, असे मी विचारले. त्याने मोबाइल काढला, फोटो दाखवायला. मग काय वाटले कोण जाणे, तो परत खिशात ठेवला आणि माझ्या शेजारी दगडावर बसून, पहिल्या वळणापासून सगळी वाट मला सांगायला लागला. ती सांगायला त्याला चांगला तासभर लागला.